पावणेबारा ग्रॅम

दिनांक १९ सप्टेंबर १९९७, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे. पाडळोलीच्या चांदी कारागीर संस्थेच्या सभागृहात, लांब टेबलावर पांढरे कापड अंथरून मी ऐंशी पैंजणे मांडली होती. प्रत्येकाला दोऱ्याने एक क्रमांक बांधला होता. चाळीस पैंजणे जुन्या डाखाने जोडलेली होती आणि चाळीस नव्या. कोणते कशाने जोडले आहे याची यादी एका पाकिटात घालून, पाकीट लाखेने बंद करून मी टेबलाच्या मधोमध ठेवले होते.

डाख म्हणजे चांदीपेक्षा कमी आचेला वितळणारा मिश्रधातू. पैंजणाच्या कड्या आणि घुंगरे त्यानेच एकमेकांना जोडतात. पाडळोलीत त्या वेळी तीनशे सोळा घरांत हा धंदा चाले, आणि त्या तीनशे सोळा घरांतला डाख चांदी, तांबे आणि कॅडमियम यांचा असे. कॅडमियममुळे तो पाण्यासारखा पळतो, बारीक सांध्यातही शिरतो. मी केलेल्या नव्या डाखात कॅडमियम नव्हते. त्याच्या जागी जस्त आणि थोडे कथील होते. एवढ्यासाठी मला चौदा महिने आणि एकसष्ट मिश्रणे लागली होती.

"पोतनीस साहेब, ह्यो काय परीक्षेचा हॉल केलाय व्हय?" तवनाप्पा मगदूम दारातूनच म्हणाले. "नंबर घातल्यात, पाकीट बंद केलंय. कॉपी धरायला पथक बी बोलवायचं की!"

"पथक तुम्हीच आहात, तात्या. हात लावून बघा."

तवनाप्पा संस्थेचे अध्यक्ष होते. वय चौसष्ट, डोक्याला पांढरी टोपी, आणि नजर अशी की हातातल्या दागिन्याचे वजन तोळ्याच्या अंशापर्यंत सांगावे. संस्था घरोघरी चांदी आणि कॅडमियमच्या कांड्या वजन करून देई आणि तयार पैंजण वजन करून घेई. संस्थेच्या डाखाने न जोडलेला माल परत जाई. म्हणजे कोणते घर काय वितळवणार हे त्या घराच्या नव्हे, तवनाप्पांच्या हातात होते. मला संस्थेने चार वर्षांपूर्वी चाचणी प्रयोगशाळेसाठी आणले होते. तंत्रनिकेतनातली धातुशास्त्राची पदविका आणि ओतशाळेतली बावीस वर्षे गाठीला होती. पण तवनाप्पांच्या लेखी मी अजून पाहुणाच होतो.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पद्मावती खोत बसल्या होत्या. सगळे त्यांना पद्माक्का म्हणत. ऐंशीच्या ऐंशी पैंजणे त्यांच्याच हातची होती, कारण त्यांच्याइतका सुबक सांधा गावात दुसरे कोणी जोडत नसे. त्यांचे यजमान भरमाप्पा आठ वर्षांपूर्वी फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले होते, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. तंबाखू, विडी, कशालाच त्यांनी कधी हात लावला नव्हता. शेजारी त्यांची मुलगी चेलना घुंगरे ओवीत होती. ती एकोणीस वर्षांची होती आणि दोन वर्षांपासून घरचा डाख तीच वितळवत असे. तिची लघवी मी मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवली होती. आलेला आकडा पाहून कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पद्माक्कांना एकच गोष्ट सांगितली होती: हा धूर थांबवा.

परंतु धूर थांबवायचा तर हाती येणारी चांदी थांबणार होती, आणि त्या घरात मिळवते असे दुसरे काही नव्हते. म्हणून त्या सकाळी टेबलावर जे काही मांडले होते, त्यात पद्माक्कांच्या दृष्टीने एकच प्रश्न होता. चेलना सोमवारी पुन्हा मुशीपुढे बसणार की नाही?

चाचणी सोपी होती. पैंजण चिमट्यात धरायचे, खाली दोन किलोचे वजन अडकवायचे, मग काढून दगडावर तीनदा आपटायचे. तवनाप्पांनी बाह्या सरसावल्या आणि ते काम स्वतःकडे घेतले. संस्थेचे सचिव जिनगोंडा चौगुले क्रमांक पुकारू लागले.

"सतरा."

खट्. खट्. खट्.

"ऱ्हायलं. अठरा."

"तात्या, हळू. दगड फुटंल," पद्माक्का म्हणाल्या.

"तुझा सांधा फुटना झालाय, म्हनून दगडावर राग काढतोय!"

सव्वाअकरापर्यंत ऐंशी पैंजणे तपासून झाली. पाच सुटली होती. मी पाकीट तवनाप्पांच्या हातात दिले. त्यांनी लाख फोडली, चष्मा लावला आणि बोट फिरवत यादी वाचली. सुटलेल्यांतली तीन जुन्या डाखाची निघाली, दोन नव्या.

मला वाटले, जिंकलो. पण तवनाप्पांनी कागद शांतपणे घडी घालून खाली ठेवला.

"म्हंजे कुस्ती बरोबरीत सुटली."

"तात्या, नवा डाख एका पैंजणाने सरस आहे."

"ऐंशीत एक. त्याला काय सरस म्हनत्यात? आन् बरोबरीत सुटली तर गदा जुन्या पैलवानाकडंच ऱ्हाती. तीस वर्सं ह्यो डाख चाललाय. येपाऱ्याला म्हाईत हाय, हाताला म्हाईत हाय. दिवाळी तोंडावर आली. आता बदलून काय करू?"

मग मी ती चूक केली, जी मी चार वर्षे करत आलो होतो. मी भिंतीवर तक्ता लावला. हवेतल्या कॅडमियमचे प्रमाण, रक्तातले प्रमाण, लघवीतले प्रमाण, सारे मी क्रमाने समजावून सांगितले. एका माणसाचा कर्करोग अमुक धातूमुळेच झाला असे सिद्ध करता येत नाही, परंतु वर्षानुवर्षे हा धूर घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले. शेवटी चेलनाचा आकडा सांगितला: साडेसहा मायक्रोग्रॅम.

"मायक्रो म्हंजे किती?" तवनाप्पांनी विचारले.

"एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग."

जिनगोंडांनी मिशीवरून हात फिरवला. "तेवढी चांदी तर सायेब, रोज माझ्या मिशीला चिकटून घरला जाती."

सभागृहात हशा पिकला. चाचणी पाहायला आलेले कार्यकारिणीचे सातही जण हसले. हसले नाहीत फक्त पद्माक्का आणि चेलना. चेलनाने घुंगरांची वाटी बाजूला ठेवली आणि पदराचा काठ बोटाला गुंडाळत ती जमिनीकडे पाहत राहिली.

पद्माक्का उठल्या. टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सायेब, तुमचं मायक्रो ऱ्हाऊ द्या. ह्यास्नी ग्रॅमात सांगा."

"ग्रॅमात कसे सांगू, आक्का?"

"काट्यावर." त्या तवनाप्पांकडे वळल्या. "तात्या, एक मूस डाख करू. हितंच, सायबांच्या काचंच्या पेटीत. चांदी तुमची, काटा तुमच्या घरचा, हात तुमचाच. मी लांब हुभी ऱ्हाते. मूस उतरली की तुमीच जोखा. लई मागत न्हाई."

तवनाप्पांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. त्यांना पद्माक्कांचा रोख समजला होता, मला नव्हता.

"कशापायी?" त्यांनी विचारले.

"घट बघायला."

हा शब्द त्या गावात गमतीने उच्चारला जात नसे. चांदी वितळवताना, घासताना जे वजन कमी भरते ती घट. शेकडा एक घट संस्था मान्य करी. त्याहून जास्त भरली तर ती चोरी समजली जाई. त्या धंद्यातली माणसे जमिनीवरचा केर टाकत नाहीत, हात धुतलेले पाणी ओतत नाहीत. त्यातूनही चांदी गाळून काढतात. अशा गावात "तुझी घट जास्त आहे" एवढे म्हटले की माणूस संपला.

"आण रे काटा," तवनाप्पा जिनगोंडांना म्हणाले. "माझ्या देवघराशेजारचा. काचंच्या कपाटातला. आडवा धरू नको."

काटा येईपर्यंत मी तयारी केली. सभागृहाला लागूनच असलेल्या माझ्या प्रयोगशाळेत धूर खेचून घेण्यासाठी काचेची धूरपेटी होती, तिला मागे पंखा. पंख्याच्या तोंडाशी मी दोन जाड कोऱ्या गाळण्या एकामागे एक बसवल्या. बसवण्यापूर्वी त्यांचे वजन केले आणि फळ्यावर लिहिले. हे मला कोणी सांगितले नव्हते; वजन न करता कोणतीही वस्तू यंत्रात घालायची नाही, ही सवय हाडीमांसी भिनली होती. मग मी तवनाप्पांना धूर अडवणारी मुखपट्टी दिली.

"ह्ये काय आता? तोंडाला मुंडावळ्या?"

"बांधावी लागेल, तात्या. नाहीतर पेटीला हात लावू देणार नाही."

"चौसष्टाव्या वर्सी घोड्यावर बसवताय जनू!" असे म्हणत त्यांनी ती बांधली.

चांदी तीनशे पन्नास ग्रॅम, तांबे पन्नास, कॅडमियम शंभर. प्रत्येक वस्तू तवनाप्पांनी आपल्या काट्यावर स्वतः जोखली. रिकामी मूससुद्धा जोखली. मग काचेखालून हात आत घालून ते मुशीपुढे बसले. त्यांनी वीस वर्षांत डाख वितळवला नव्हता, पण हात विसरला नव्हता. चांदी आणि तांबे वितळून आरशासारखे झाले, तेव्हा त्यांनी कॅडमियमच्या कांड्या कागदात गुंडाळून चिमट्याने आत बुडवल्या.

सूं असा आवाज आला, आणि काचेआड पिवळसर तपकिरी धूर उसळला. क्षणभर मूस दिसेनाशी झाली. पंख्याने तो धूर ओढून घेतला, तरी दुसरा लोट उठला, मग तिसरा. काच नसती तर आम्ही सारे मागे सरलो असतो.

"आमच्या घरी काच नसायची, तात्या," मागून पद्माक्कांचा आवाज आला. "खिडकी बी लावून घ्यायचो. वाऱ्यानं आच हलू नये म्हनून. आन् चांदीचा कन भाईर उडू नये म्हनून."

 तवनाप्पांनी रस साच्यात ओतला. मूस खरवडून काढली, खरवडलेला चुरा कागदावर घेतला. सारे निवल्यावर पट्टी आणि चुरा एका पारड्यात ठेवला आणि दुसऱ्यात वजने चढवली. काटा स्थिर झाला. त्यांनी तो उचलला, पारडी पुसली, पुन्हा जोखले. मग मूस जोखली, पूर्वीइतकीच भरली. पट्टी तिसऱ्यांदा जोखली.

"चारशे अठ्ठ्याऐंशी आन् पाव," ते म्हणाले.

पाचशेतून पावणेबारा ग्रॅम कमी. मान्य घट पाच ग्रॅम.

 तेव्हा पद्माक्का पुढे आल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"तात्या, पावणेबारा गिराम कुटं गेलं?"

तवनाप्पांनी मुखपट्टी काढली.

"अठ्ठ्याऐंशी सालात," पद्माक्का म्हणाल्या, "ह्याच हॉलमदी तुमी चेलनाच्या बाला हाच सवाल इचारला हुता. तवा सगळ्या गावाचा डाख त्येच वितळवायचं. त्यास्नी उत्तर देता आलं न्हाई. आता तुमी द्या."

चार वर्षे मी या बाईंच्या घरी जात होतो, त्यांच्या हातचा चहा पीत होतो. हे त्यांनी मला एकदाही सांगितले नव्हते. भरमाप्पा खोतांवर चांदी चोरल्याचा ठपका ठेवून संस्थेने त्यांच्याकडून काम काढून घेतले होते. आणि पुन्हा असे घडू नये म्हणून, एका माणसावर विश्वास न टाकता, ज्याचा डाख त्याने आपल्या घरी वितळवावा असा नियम केला होता. एका खोलीतला धूर तीनशे सोळा खोल्यांत गेला, तो असा. घरोघरी थोडाथोडा डाख होऊ लागल्यावर त्याची घट पैंजणांच्या एकूण वजनात शेकडा एकच्या आत लपून गेली. पुढच्या वर्षी भरमाप्पा वारले.

"चांदी उडत न्हाई," तवनाप्पा हळू आवाजात म्हणाले. "उडत न्हाई, पद्मा. म्हनून मी..."

"चांदी उडाली नाही," मी म्हणालो. "बघा."

मी पंखा बंद केला आणि गाळण्या बाहेर काढल्या. पांढऱ्याशुभ्र बसवलेल्या गाळण्यांवर तपकिरी भुकटीचा थर बसला होता. मी त्या झाकून काट्यावर ठेवल्या, तवनाप्पांनी वजन केले आणि फळ्यावरचा आकडा त्यातून वजा केला. साडेबारा ग्रॅम.

"ह्ये बघा!" जिनगोंडा पुढे सरले. "गेलं पावणेबारा, घावलं साडेबारा. सायेब, तुमची पेटी तर याज देतीया!"

"जळताना धातू हवेतला प्राणवायू घेतो, म्हणून वजन वाढते. खरे तर साडेतेराच्या आसपास भरायला हवे. उरलेले एक ग्रॅम पेटीच्या भिंतींना आणि नळीला चिकटले असेल. पण याला हात लावू नका, जिनगोंडा. हेच ते कॅडमियम."

तवनाप्पांचे लक्ष गाळणीकडे नव्हते. त्यांनी डाखाची पट्टी माझ्यापुढे सरकवली.

"हिच्यात चांदी किती, सांगा. आत्ताच्या आत्ता."

मी पट्टीच्या तीन ठिकाणांहून कण काढले, तेजाबात विरघळवले आणि एकामागून एक तीन वेळा मापन केले. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात सभागृहातून कोणी उठून गेले नाही. बाहेर ओसरीवर बायका जमू लागल्या होत्या, कारण गावात बातमी पोहोचली होती की तवनाप्पांच्या मुशीत घट आली.

"तीनशे पन्नास," मी म्हणालो. "तिन्ही वेळा. चांदी जागच्या जागी आहे, तात्या. कमी झाले ते फक्त कॅडमियम."

तवनाप्पा खुर्चीत बसले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"भरमाप्पा मला म्हनला हुता," ते म्हणाले. "त्या दिवशी. तात्या, धुरात जात असंल. मी सगळ्यांदेखत हसलो. म्हनलो, अरे खुळ्या, धुराला काय वजन असतंय?"

पद्माक्का उभ्याच होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी हे वाक्य किती वेळा मनात उगाळले असेल, मला ठाऊक नाही. त्यांचे डोळे भरले नाहीत. त्यांनी गाळणीकडे बोट केले.

"असतंय," त्या म्हणाल्या. "आमी नऊ वर्सं श्वासावाटं जोखलंय त्ये."

तवनाप्पा उठले, टोपी हातात तशीच धरून ओसरीवर गेले. तिथे शंभरावर माणसे जमली होती. बोलण्याची तयारी म्हणून त्यांनी घसा खाकरला नाही की हात वर केला नाही.

"ऐका. भरमाप्पा खोतानं संस्थेची एक गुंजभर चांदी घेतली न्हवती. मी चुकलो. आन् कॅडमियमची कांडी आजपास्नं संस्था कुनाला देनार न्हाई. घरात असंल ती संध्याकाळपत्तर हितं आनून द्यायची. डाख हितंच व्हईल, सायबांचा नवा, काचंच्या आत. तिकडं दिवाळी आसू दे न्हाईतर आनि काय."

"तात्या, येपारी काय म्हनतील?" गर्दीतून कोणी विचारले.

"दगडावर आपटून दाखवीन! ऐंशी आपटल्यात सकाळी, खांदा गेलाय माझा."

लोक हसले, पण या वेळचे हसणे निराळे होते. मग तवनाप्पा चेलनासह दारात आलेल्या पद्माक्कांकडे वळले. "डाख करायला मानूस पायजे. भरमाप्पाची जागा नऊ वर्सं मोकळीच हाय. तू बसतीस?"

"माफी मागताय का काम सांगताय, तात्या?"

"दोनी."

पद्माक्कांनी थोडा विचार केला. "बसते. पर काच मोठी बसवा. आन् पंखा दुसरा घ्या, ह्यो लई घुमतोय."

"आनि काय?"

"आनि चेलना मुशीफुडं बसनार न्हाई. कुनाच्याच. ती शाळंत जाईल. बारावी अर्धी सोडलीया तिनं."

मघापासून जमिनीकडे पाहणाऱ्या चेलनाने मान वर केली. "आई, शाळा न्हवं, कॉलेज असतंय त्ये," ती म्हणाली, आणि आईला मिठी मारून इतक्या मोठ्याने हसली की ओसरीवरच्या बायकाही हसू लागल्या.

त्या संध्याकाळी संस्थेच्या पायऱ्यांवर एकशे बारा किलो कॅडमियम जमा झाले. ते मी मोहोरबंद पिंपांत भरून, रीतसर पावती घेऊन विल्हेवाटीसाठी पाठवून दिले. दिवाळीचा माल चार दिवस उशिरा गेला. एकाही व्यापाऱ्याने तो परत केला नाही.

शरीरात शिरलेले कॅडमियम लवकर निघत नाही. ते वर्षानुवर्षे मूत्रपिंडात मुक्काम करते, आणि धुराची जुनी वर्षे कोणाला परत मिळत नाहीत. हे मी पद्माक्कांपासून लपवले नाही. त्यांनी उत्तर दिले, "आत हाय त्ये हाय. नवं जात न्हाई न्हवं? बास."

मला मात्र कोणाच्या शब्दावर थांबता येत नव्हते. १९९८च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, मी घरोघर जाऊन वापरातल्या डाखाचा एकेक तुकडा गोळा केला. कॉलेजातून आल्यावर चेलना माझ्याबरोबर हिंडे आणि प्रत्येक पुडीवर घराचे नाव लिहून देई. शेवटची पुडी तवनाप्पांच्या घरची होती; ती त्यांनी स्वतः जोखून दिली. सगळ्या पुड्या तपासायला मला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी सकाळी निकाल संस्थेच्या फळ्यावर लिहिला.

तपासलेली घरे तीनशे सोळा. कॅडमियम आढळलेली घरे शून्य.